अंड्याच्या ट्रेचा धूर

उन्हाळा लागला की मोबाईलवर डास पळवणारे वैद्य उगवतात. अर्धं लिंबू घ्या, त्यात लवंगा टोचा, गॅलरीतल्या टेबलावर मांडा आणि पाहुण्यांशी निवांत गप्पा मारा. शेजारी कुंडीत गवती चहा, पणतीत कडुनिंबाचं तेल. सगळं अगदी निसर्गाच्या कुशीतलं. फक्त त्यासाठी आधी गॅलरी लागते.

मुंबईत गोवंडीला बैंगनवाडीच्या गल्ल्यांत मे महिन्यात लोक बाहेर झोपतात ते चांदणं बघायला नव्हे. दिवसभर तापलेला पत्रा अर्ध्या रात्रीपर्यंत कुणाला माळ्यावर पाठ टेकू देत नाही. मग दारात खाट, नाहीतर नुसती चटई, आणि कानाशी गुणगुण. इथला घरगुती उपाय म्हणजे अंड्याचा ट्रे. तोच करडा, पुठ्ठ्याचा, तीस खळग्यांचा. अंडीवाल्याकडून रिकामा आणायचा, कोपरा पेटवायचा, ज्योत फुंकून विझवायची. तांबडी कड हळूहळू आत सरकत जाते, एकेक खळगा काळा पडतो आणि गल्लीभर धूर होतो. डास हटतात, पण त्यांच्या आधी दम्याची आजी खोकत आत जाते.

धूर घरचा आहे की दुकानातला, हे फुप्फुसाला कळत नाही. कॉइलसुद्धा मुळात ‘नैसर्गिक’च, जपानमध्ये ती पहिल्यांदा बनली ती शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाच्या भुकटीपासून. तरी 2003 साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. घरात कुणी विडीसुद्धा ओढत नाही, असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी उशाजवळची राख बघावी.

तेलांची गत आणखी मजेशीर. 2002 साली अमेरिकेत माणसांचे हात डासांच्या पिंजऱ्यात घालून मोजमाप झालं. सिट्रोनेला तेलाची उत्पादनं वीस मिनिटंही टिकली नाहीत. चोवीस टक्के डीट हे रसायन असलेलं उत्पादन मात्र पाच तास टिकलं. वीस मिनिटं म्हणजे हार्बर लोकलच्या एक-दोन गाड्या सोडल्या की संपलं.

खरी गंमत वेळापत्रकाची आहे. आपले सगळे धूप, कापूर, ट्रे दिवेलागणीला पेटतात. ते रात्रपाळीच्या डासांसाठी ठीक. डेंग्यूचा एडिस दिवसपाळीला असतो. सकाळी आणि सूर्य कलताना, घोटे बघून चावतो. शिवाय तो गटारातला नव्हे. गटार आणि नाल्यात वाढणारा क्युलेक्स झोप उडवतो, पण डेंग्यू देत नाही. देवनारच्या डम्पिंगवर 1927 पासून शहराचा कचरा पडतोय, त्यामुळे गोवंडीचा प्रत्येक ताप त्या डोंगराच्या नावावर टाकायची सोय आहे. वास आणि माश्या खुशाल टाका. डेंग्यूचा डास मात्र बहुधा दाराशीच, निळ्या पिंपातल्या स्वच्छ पाण्यात.

झाकण पटकन उचलून बघा. डोकं खाली, शेपूट वर करून लटकलेल्या अळ्या सावली पडताच वळवळत तळ गाठतात. आणि पाणी ओतून दिलं की काम झालं असंही नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने दम धरतात. काथ्याने घासल्याशिवाय निघत नाहीत.

म्हणून सरकारी सल्ला असतो: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. सल्ला शंभर टक्के बरोबर. पण ज्या गल्लीत पाणी तासभर येतं आणि कधीकधी तेही विसरतं, तिथे भरलेलं पिंप रिकामं करायला सांगणाऱ्याकडे बायका कशा नजरेने बघतात, ते एकदा जाऊन पाहावं.

डास साठवलेल्या पाण्यात वाढतात, हे मुंबईला ठाऊक नव्हतं असंही नाही. 1911 मध्ये शहरातल्या हिवतापाची पाहणी करणारे डॉक्टर बेंटली यांनी अहवाल देऊन सांगितलं होतं, हिवताप विहिरींतून येतोय. विहिरी झाका, बुजवा. पारशी मंडळींनी धर्माच्या कारणाने हरकत घेतली, वाद झाले, पण निदान चर्चा पाण्याची होती, लवंगांची नव्हती.

आता घासता येणार नाही अशा टाकीला खरोखरचा नैसर्गिक उपाय हवाच असेल, तर गप्पी मासे सोडा. बोटाच्या पेराएवढा मासा, अळ्यांवर तुटून पडतो, धूर करत नाही. पिण्याच्या पिंपाला घट्ट बसणारं झाकण किंवा जुन्या साडीचं कापड बांधा. झोपताना मच्छरदाणी आणि पायांकडे टेबलफॅन. वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही.

एवढं करूनही पिंपात अळी सापडली, तर पालिकेच्या कायद्यात कलम 381 आहे. नोटीस येते ती पिंपवाल्याला. नळाला नोटीस बजावायचं कलम कुणाला सापडलं, तर बैंगनवाडीत जरूर कळवा.