दफ्तरी दाखल

धायरी गाव पुणे महापालिकेच्या हद्दीत पूर्णपणे सामील झाले ते २०१७ साली. परंतु आमच्या इमारतीतील काका तापकीर गल्लीत जाण्यासाठी वहाणा पायांत सरकवतात तेव्हा आजही “जरा पुण्याला जाऊन येतो” असेच म्हणतात, आणि ज्या गांभीर्याने म्हणतात ते पाहता सोबत दशम्या कशा नेत नाहीत याचेच आश्चर्य वाटते. काका म्हणजे दर इमारतीत एक तरी आढळणाऱ्या त्या वर्गातील गृहस्थ, की ज्यांच्या हयातीत शेजाऱ्याची कोणतीही वस्तू सुखाने बिघडू शकत नाही. उभा जन्म कोषागारात बिले तपासण्यात गेल्यामुळे हत्यार हाती धरण्याचा त्यांचा अनुभव टाचणीच्या पलीकडे गेला नव्हता; त्रुटी काढण्याचा अधिकार मात्र त्यांनी निवृत्तिवेतनाबरोबरच मंजूर करून घेतला असावा.

माझ्या बिनतारी ड्रिलने एका रविवारी भिंतीत अर्धे भोक पाडून मान टाकली. धायरी-नऱ्हे भागात लहान कारखान्यांच्या शेड्स काही थोड्याथोडक्या नाहीत, आणि त्यांपैकी कोणत्याही शेडमधल्या पोऱ्याने चहा येईपर्यंत हे काम उरकले असते. पण ते यंत्र हातात उघडे घेऊन जिना उतरण्याचा प्रमाद माझ्याकडून घडला.

“बिघडलं वाटतं?” काकांनी विचारले. त्या स्वरात जी प्रसन्नता होती, ती नातवाच्या बारशालाही दिसली नव्हती.

“नाही हो, जरासंच—”

“द्या इकडे.”

प्रथम त्यांनी बॅटरी काढून मुद्देमाल म्हणून कपाटात कुलूपबंद केली. हे मात्र न्याय्यच होते, कारण ३.६ व्होल्टचे पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडून सिद्ध झालेला तो १८ व्होल्टचा ऐवज, चुकून दोन तारा एकमेकींना लागल्या तर ठिणग्या उडवायला कमी करत नाही. मग फुलस्केप कागदाला समास दुमडून त्यांनी माझी कैफियत लिहून घेतली: भिंत विटांची की काँक्रीटची, जोर किती लावला, धूर आधी दिसला की वास आधी आला. नंतर यंत्र उघडले आणि त्याचे स्क्रू, हरवू नयेत म्हणून, काकूंच्या मिसळणाच्या डब्यातील वाट्यांत क्रमाने ठेवले. त्या संध्याकाळच्या फोडणीत मोहरीबरोबर आणखी काय तडतडले, याची चौकशी कोणीच केली नाही.

दोष सापडला, हे कबूल केले पाहिजे. मोटरच्या पत्तीवर घट्ट बसावयाचा तारेचा लग काळाठिक्कर पडून त्यावरील प्लॅस्टिकची टोपी वितळली होती. “पकड सैल झाली की तिथे अडथळा वाढतो, अडथळ्याने उष्णता, उष्णतेने पकड आणखी सैल,” काका म्हणाले, “म्हणजे थकबाकीवर व्याज आणि व्याजाचीच पुन्हा थकबाकी!” विद्युत्शास्त्राचे इतके सुबोध विवेचन मी शाळेतही ऐकले नव्हते.

पुढे खरेदीपर्व. दुकानदार सुटा लग देईना, म्हणून काकांनी शंभरांचा पुडा आणला, तो ६.३ मिलिमीटरचा निघाला आणि मोटरची पत्ती ४.८ची. सबब पुन्हा पुणे, पुन्हा पुडा. तार सोलून लगात घालून दाबण्यास विशिष्ट पकड लागते, परंतु ‘नाहक खर्च’ असा शेरा मारून काकांनी ती तजवीज नामंजूर केली आणि काकूंचा अडकित्ता मागवला, ज्याखाली सतरा लगांचे खांड झाले. अठराव्या वेळी काकूंनी अडकित्ता जप्त केला आणि पकड आपसूक मंजूर झाली.

या तहकुबीच्या काळात मला इतिहासही श्रवण करावा लागला. पानशेतचे धरण फुटले ते १२ जुलै १९६१ रोजी, आणि ब्लॅक अँड डेकर कंपनीने अमेरिकेत पहिले बिनतारी ड्रिल बाजारात आणले तेही १९६१ सालीच, निकेल-कॅडमियमच्या सेलवर चालणारे. “तेव्हा पुणेकरांचं तिकडे लक्ष गेलं नाही, यात पुणेकरांचा दोष नाही,” असा निर्वाळा काकांनी दिला, जणू कोणी तसा आरोप अन्यत्र दाखल केला होता.

अखेर बाविसाव्या दिवशी यंत्र फिरले. चांगले फिरले, फक्त उलटे फिरले. मोटरच्या दोन पत्त्यांवरचे दोन लग एकमेकांच्या जागी बसल्यामुळे, दिशेची कळ ‘पुढे’ केली की बिट उलटे फिरे आणि भिंतीत भोक न पडता नुसता पांढरा भुगा सांडे. उपाय दोन मिनिटांचा होता: झाकण उघडावे, लगांची अदलाबदल करावी. मी तसे भीतभीत सुचवले.

“प्रकरण दफ्तरी दाखल झालंय,” काका म्हणाले. “निकाल लागलेलं काम पुन्हा उघडायचं तर वरिष्ठांची लेखी परवानगी लागते.”

वरिष्ठ आत पोळ्या लाटत होत्या. अडकित्त्याची धार गेल्यापासून त्यांनी या विषयावर बोलणेच सोडले होते. तेव्हा काकांनी यंत्रावर एक चिठ्ठी चिकटवली, आणि कोषागारातल्या त्या वळणदार अक्षरात लिहिले: “पुढे जाणे असल्यास कळ मागे करावी. वारंवार विचारू नये.” उरलेल्या लगांचे दोन पुडे त्यांच्या उंबऱ्याशी असतात, आणि मी इस्त्री घेऊन जिना उतरतो तेव्हा ती पिशवीत, कांद्यांच्या खाली असते.