जालना तयार नाही म्हणणाऱ्या आयोजकांस

मा. आयोजक,
‘पर्यायी विनोदाची रात्र’, जुना जालना



आपल्या कार्यक्रमाला आम्ही सहकुटुंब हजर होतो. वेळ सातची, पडदा उघडला पावणेनऊला. मधे प्रायोजकांना शाल-श्रीफळ झाले. त्यालाही आम्ही विनोद समजून टाळ्या दिल्या. डासांबद्दल तक्रार नाही. वेळेवर आलेले तेवढेच होते.

जादूगाराचा पत्ता चुकला, हसलो. गिटारची तार तुटली, हसलो. मग माइक गेला, दिवे गेले आणि निवेदक अंधारातून ओरडला, ‘हा ॲक्टचाच भाग आहे!’ तिथून पंचाईत झाली. एक आजोबा पायरीवरून घसरले, तर लोकांनी त्यांनाही टाळ्या दिल्या.

हेही गिळलं असतं. पण शेवटी स्टेजवर येऊन आपण म्हणालात, ‘जालना अजून असल्या कॉमेडीला तयार नाही.’

अहो, कुणाला सांगता? या गावात धुळवडीला हत्ती रिसाला निघतो, राजा रेवड्या उधळत जातो, हे शंभराहून जास्त वर्षं चाललंय. पैठणही काही लांब नाही. नाथांच्या भारुडातली सून सासरच्या एकेकाचा काटा काढ म्हणून भवानीला साकडं घालते, त्यावर आमच्या आज्या पदर तोंडाला लावून हसल्या. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ माणसं उभी करायचे. तमाशातला सोंगाड्या तोंडाला येईल ते बोलतोय असं वाटतं, पण ढोलकीची थाप कधी पडणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तुमच्या निवेदकाला पुढं कोण येणार हेही ठाऊक नव्हतं!

तयार नव्हता तो तुमचा साउंडवाला. आम्ही तिकीट काढून तयारच बसलो होतो. तालीम करायची नाही आणि फसलं की गाव मागास, ही खोड आम्ही बाहेरून येणाऱ्यांची सहन करत आलो. जालन्याचे असून तुम्हीही तेच बोलावं? लाज वाटायला हवी.

त्यात चांगलं घडलं तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं. ती कॉलेजातली मुलगी बंद माइक खाली ठेवून नळाच्या पाण्यावर बोलली. गुरुजींनी काढलेला साखरपुड्याचा मुहूर्त घरच्यांनी नळाचा वार बघून बदलला, आणि ऐन त्या दिवशी जायकवाडीची पाइपलाइन फुटली. पाहुणे आले, पाणी नाही. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. पाच मिनिटांत तुम्ही तिला उतरवलंत, कारण प्रायोजकांच्या भाच्याची मिमिक्री खोळंबली होती.

निघताना मात्र तुम्ही दिसलात. समिती पांगली होती, मंडपवाला भाड्यासाठी अडून उभा होता आणि तुम्ही खिसे चाचपून झाल्यावर मित्राला फोन लावत होता. बियाणं आणि सळईत पैसा घालणारे इथं पुष्कळ. विनोदापायी घरचे पैसे घालवणारा मी पहिल्यांदा पाहिला. म्हणून तिकिटाचे पैसे परत मागत नाही.

पुढच्या खेपेला सत्कार रद्द करा, भाच्याला घरी बसवा, त्या मुलीला अर्धा तास द्या. माइक नसला तरी चालेल. तारीख तेवढी नळाचा वार सोडून धरा, म्हणजे आम्हालाही येता येईल.

आपला,
चौथ्या रांगेतला एक प्रेक्षक