जुना संच, नवा कारखानदार

स्क्रीन प्रिंटिंगचा जुना संच विकणारा नेहमी ‘घरची अडचण’ म्हणूनच विकतो. पत्रिका डिजिटलवाल्याने पळवल्या आणि बोर्ड फ्लेक्सवाल्याने, हे त्याच्या तोंडून निघत नाही. पोखर्णीच्या नृसिंहापुढे नारळ फोडून परभणीला संच आणायला निघालेला होतकरू तर किमतीवरच खूश असतो. ‘पाच फ्रेमा, टेबल, लाइटची पेटी, सगळं एका भावात!’ फ्रेम फरशीवर ठेवून चारही कोपरे टेकतात का, हे पाहायला त्याला लाज वाटते. जाळीवर अंगठा दाबला तर ती जुन्या बाजेसारखी झोळ खाते. तेवढ्यावरून मालकाचा अपमान कशाला करायचा? स्क्वीजीच्या रबराची धार गोल झालेली असते, ‘हाताला बसलेली आहे,’ असं तिचं कौतुक.

नृसिंह खांबातून प्रकटला. इथे नीट न धुतलेल्या जाळीतून पहिल्याच कापडी पिशवीवर मागच्या गिऱ्हाइकाची चि. सौ. कां. प्रकट होते.

वर इमल्शनचा अर्धा डबा फुकट. संवेदक घालून कधी कालवलंय, विचारू नये. ते उजेडापासून लांब, थंड जागी ठेवायचं असतं. डबा होता दुकानाच्या खिडकीत, भर उन्हात, झाकणाशिवाय.