अध्याय अडुसष्टावा

भूगर्भशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला सहसा कुणी काही विचारत नाही. निवृत्तीआधीही फारसं विचारत नव्हते, पण तेव्हा हजेरी सक्तीची होती. त्यामुळे इटलीहून फरशी मागवणाऱ्या माझ्या मेहुण्याचा फोन आला, "दाजी, कंटेनर लागलाय, उद्या एक्झामिनेशन आहे, येता का सोबत?" तेव्हा पुढचं न ऐकताच मी भिंग पुसायला घेतलं. स्लॅबना तडे गेलेत का ते बघायला त्याला जोडीला एक माणूस हवा होता, एवढंच. माझा समज झाला, तज्ज्ञ हवाय.

रात्री कस्टम्सचं टॅरिफ घेऊन बसलो. 98 अध्यायांची ही पोथी. जिवंत घोड्यापासून जुन्या चित्रापर्यंत जगात जे जे विकलं जातं त्याला इथे आकडा आहे. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले, भारताचे. दगडाच्या बाबतीत मात्र ही पोथी आमच्या शास्त्राच्या बरोबर उलट चालते. आम्ही दगडाला विचारतो, तुझा जन्म कसा झाला? लाव्ह्यातून, गाळातून, की दाबाखाली भाजून? टॅरिफ आधी विचारतं, तुझ्यावर काम काय झालंय? खाणीतून काढून ओबडधोबड तासलेला किंवा करवतीने नुसता चौकोनी कापलेला असेल तर अध्याय 25. पॉलिश चढलं की 68. शिल्पकाराने स्वतः मूर्ती घडवली तर 97. म्हणजे करारा इथला एकच दगड मायकेलअँजेलोच्या हाती लागला तर 97, माझ्या मेहुण्याच्या हाती लागला तर 68 आणि कुणाचं तरी बाथरूम.

एवढं कळल्यावर मी झोपायला हवं होतं. पण 2515 या शीर्षकात चुनायुक्त इमारती दगडासाठी विशिष्ट गुरुत्व 2.5 किंवा अधिक, अशी अट दिसली आणि माझ्यातला प्रयोगशाळाप्रमुख जागा झाला. मेहुण्याने दिलेला नमुन्याचा तुकडा, सुतळी, बादली आणि स्वयंपाकघरातला काटा अशी सामग्री जमवून मी मध्यरात्री आर्किमिडीज झालो. "उद्या त्याच काट्यावर साखर तोलायचीय," एवढंच बायको म्हणाली आणि दिवा मालवून गेली. माझा दिवा. उत्तर 2.7 आलं. सकाळी गाडीत मी ते क्लिअरिंग एजंटला ऐकवलं. तो आदराने म्हणाला, "सर, ती अट पंचविसातल्या मालाला. आपला माल पॉलिशचा, अडुसष्टातला."

उरणकडच्या त्या यार्डात उन्हाने डांबर मऊ झालं होतं. कंटेनरमध्ये लाकडी चौकटींत तीन प्रकार उभे होते: पांढराशुभ्र करारा, बदामी रंगाचा बोत्तिचिनो आणि हिरवागार 'वेर्दे'. शिवाय जाळीवर चिकटवलेल्या मोझेइकचे खोके. एजंटने बिल ऑफ एंट्रीत पहिले दोन मार्बल म्हणून भरले होते, ड्यूटीचा हिशोब झाला होता, अप्रेझर मॅडम खोके मोजत होत्या. सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे माझी गरज होती.

मी बोत्तिचिनोला भिंग लावलं आणि वर्गात म्हणायचो तसं म्हणालो, "हा मार्बल नाही. ज्युरासिक काळातला चुनखडक आहे. याचं रूपांतर झालेलंच नाही."

एजंटने डोळे मिटले. मॅडमनी फाइल उघडली.

आपल्याकडे संगमरवराच्या आयातीवर वर्षानुवर्षं कधी परवाना, कधी किमान किंमत अशा अटी राहिल्या आहेत. त्यामुळे 'हा मार्बल नाही' या वाक्याचा यार्डातला अर्थ वर्गातल्यापेक्षा वेगळा होतो. मेहुण्याने कसलीही अट टाळली नव्हती. ते काम त्याच्या वतीने, त्याला न विचारता, मी सुरू केलं होतं. वर 1990 साली सुप्रीम कोर्टाने अशाच दगडाच्या खटल्यात बाजारातल्या नावापेक्षा शास्त्रीय अर्थ मोठा मानला, हेही ठणकावून सांगितलं. मेहुणा माझ्याकडे पाहत होता. त्याच्या डोळ्यांत आदर नव्हता.

मग पुरावा म्हणून मी खिशातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली काढली आणि तुलनेसाठी एक थेंब कराराच्या स्लॅबवर टाकला. सुंदर फसफसलं. असा थेंब पाठीमागे किंवा तुटक्या कडेवर टाकायचा असतो, हे मी कित्येक पिढ्यांना शिकवलंय. पुसून पाहिलं तर आरशासारख्या पृष्ठभागावर रुपयाएवढा आंधळा डाग. मेहुण्याने अगदी शांतपणे एजंटला विचारलं, "आता हा पॉलिशचा धरायचा की नुसता कापलेला?" एजंट म्हणाला, "एका थेंबाने अध्याय बदलत नाही, शेठ. गिऱ्हाईक बदलतं."

हिरव्या स्लॅबकडे वळताना मी सावरलो. इनव्हॉइसवर 'मार्मो' लिहिलेलं, पण तो सर्पेंटाइन, म्हणजे मॅग्नेशियमचं सिलिकेट. "हा तर नक्कीच मार्बल नाही!" मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "नाहीच. टिपेत स्पष्ट आहे, सर्पेंटाइनला कधीकधी मार्बल म्हणतात, पण तो त्यात येत नाही. एजंटनेही तसाच भरलाय." मग त्यांनी सहज विचारलं, "सर, एकोसीन तुम्ही पाहिलाय का?" मी नावही ऐकलं नव्हतं. बेल्जियमचा निळसर करडा चुनखडक, आत शिंपल्यांचे जीवाश्म, फोडला की ग्रॅनाइटसारखा दाणेदार दिसतो, म्हणून त्याला बेल्जियन ग्रॅनाइटही म्हणतात. आणि टॅरिफमध्ये तो बसतो मार्बलच्या शेजारी. जन्मभर दगड शिकवलेल्या माणसाला हे त्यांनी मोझेइकवर पट्टी ठेवत सांगितलं. तुकड्याची मोठी बाजू सात सेंटिमीटरपेक्षा लहान बाजूच्या चौरसात मावते का, ते त्या बघत होत्या. मावत होती. तिथे मला बोलायला वाव नव्हता.

बोत्तिचिनोचा नमुना लॅबला गेला. इकडे यार्डाचं भाडं चढत राहिलं, शिपिंग लाइनचं वेगळं. अहवाल आला तो असा: दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. मार्बलही त्याचाच असतो, चुनखडकही. बिल आधी भरलं होतं तसंच पास झालं. डागाचा स्लॅब आमच्या ओट्याला लागला, पूर्ण किमतीत, आणि डाग बरोबर शेगडीखाली जावा म्हणून गवंड्याला बायकोने स्वतः उभं राहून सांगितलं.

परवा मेहुण्याचा पुन्हा फोन. "दाजी, आता दगड बंद. सिरॅमिक टाइल्स आणतोय, अध्याय 69. यात तुमचं भूगर्भशास्त्र नसतं ना?"

"नसतं कसं? केओलिन म्हणजे फेल्डस्पारचं विघटन होऊन..."

तेवढ्यात त्याची रेंज गेली.