मक्या आमच्याकडे राहायला आलाय

प्लेनो, टेक्सास
पौष महिना, बाहेर कडाक्याची थंडी

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमच्या व्हिसाचं काम झालं, जीव भांड्यात पडला. चैत्रात तुम्ही येणार म्हणून तुमच्या सुनेने आत्ताच वरच्या खोलीचे पडदे बदलायला काढलेत. पण त्याआधी एक गोष्ट कानावर घालायची आहे. फोनवर सांगितली तर आई फोन ठेवून देईल आणि अण्णा परत लावून ओरडतील. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं. तर आधी बसून घ्या.

तुमच्या नातवाने साप पाळलाय.

"काय करायलेत हे तिकडं? येडं लागलं का?" हे आईचं वाक्य मला इथपर्यंत ऐकू आलं. पोराला आधी कुत्रा हवा होता. कुत्र्याला रोज फिरवायचं कोणी, यावर घरात महिनाभर खल झाला, आणि शेवटी ज्याला फिरवावं लागत नाही, जो भुंकत नाही, असा प्राणी त्याने शोधून काढला. आम्ही दोघं त्याच्या तर्कापुढे हरलो.

साप विषारी नाही. कॉर्न स्नेक म्हणतात त्याला, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. केशरी अंगावर तांबडे ठिपके, पूर्ण वाढला की तीन ते पाच फूट. आपल्या धामणीसारखाच बिनविषारी आणि उंदीरखाऊ, पण आकाराने लहान आणि स्वभावाने बराच गरीब. रानातून धरून आणलेला नाही. पेटीतच जन्मलेला, कधी काय खाल्लं याच्या नोंदींसकट घेतलेला आहे. कॉर्न म्हणजे मका, म्हणून पोराने नाव ठेवलं मक्या. मागच्या गल्लीतल्या मक्याला एवढ्यात सांगू नका.

आता मक्याचं घर. अण्णा, तुम्ही गोठा बांधताना इतका विचार केला नसेल. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी पेटी, पुढून सरकत्या काचा आणि त्या काचांना कुलूप. कुलूप शोभेचं नाही. पळून जाण्यात या जातीचा हात कोणी धरत नाही. डोकं शिरलं की अख्खा साप शिरतो. वायर आत जायच्या भोकाला किती जाळी लावायची यावर बापलेकांनी एक अख्खा रविवार घालवला. पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा. साप स्वतःचं अंग स्वतः तापवू शकत नाही, म्हणून तो हवं तेव्हा इकडे आणि हवं तेव्हा तिकडे सरकतो. उबेच्या बाजूला तीस-बत्तीस अंश, गारव्याच्या बाजूला चोवीसच्या आसपास. दोन्ही टोकांना लपायला एकेक बीळ लागतंच. एकच ठेवलं तर तो लपायचं म्हणून गारठत बसतो, नाहीतर ऊब हवी म्हणून उघड्यावर घाबरत बसतो. खाली लाकडाचा भुसा, पण देवदाराचा नाही, त्यातलं तेल सापाला बाधतं. मध्ये पाण्याचं जड पसरट भांडं, रोज बदलायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थर्मोस्टॅट. ऊब देणाऱ्या दिव्याला तो नसेल तर सापाची पोळी होते. साप भाजला तरी त्याला वेळेवर कळत नाही. दिव्याभोवतीही जाळी आहे. दुकानात गरम होणारा दगडही मिळतो. तुमच्या नातवाने तो पाहून दुकानदाराला असं काही सुनावलं की मी दोन पावलं मागे उभा राहिलो.

हे सगळं चालतं विजेवर. तुमच्याकडे शेतीची लाइट रात्री येते आणि अण्णा माजलगावच्या कालव्याचं पाणी धरायला उसात जातात. इथे लाइट जात नाही असं मीही अभिमानाने सांगत असे, पण २०२१ च्या फेब्रुवारीत बर्फात सगळ्या टेक्सासची दाणादाण उडाली, लाखो घरं अंधारात होती. तेव्हा मक्या नव्हता. आता त्याच्यासाठी बॅटरीवरचा इन्व्हर्टर आणलाय. माणसांसाठी आणू म्हटलं होतं तेव्हा घरात पैसे नव्हते, एवढं नमूद करतो.

आई, आता तुझा प्रश्न. दूध पितो का? नाही. कुठलाच साप आपणहून पीत नाही; नागपंचमीला वाटीतलं दूध तहानलेला साप पाणी म्हणून पितो आणि मग आजारी पडतो. मक्या उंदीर खातो. गोठवलेले मिळतात. आठवड्याला एक, त्याच्या अंगाच्या जाडीइतका; मोठा झाला की दहा-पंधरा दिवसांनी एक. रात्री काढून ठेवायचा, मग गरम पाण्यात कोमट करायचा आणि लांब चिमट्याने धरायचा. जिवंत देत नाहीत, कारण उंदीर उलटा सापालाच चावतो.

तुझ्या गळ्यात माळ आहे हे मी विसरलेलो नाही. उंदरांचा फ्रीझर वेगळा आहे, गॅरेजमध्ये, त्याला कुलूप आहे. तू पाठवलेल्या पुरणपोळ्या स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये आहेत. चिमटा, भांडं, टॉवेल, सगळं वेगळं. सापाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, म्हणून त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे आणि त्याला ओट्याजवळ आणायचंच नाही. लहान मुलं आणि वयस्कर माणसांनी जास्त जपायचं, तेव्हा अण्णांनी लांबूनच बघावं.

खाल्ल्यावर दोन दिवस त्याला कोणी उचलत नाही, नाहीतर खाल्लेलं ओकतो. कात टाकायची वेळ आली की डोळे दुधाळ निळे होतात, दिसत नाही, चिडतो, जेवत नाही. पेटीत दमटपणा बरोबर असेल तर कात मोज्यासारखी एकसंध निघते. पहिली निघाली तेव्हा पोराने ती डबीत घालून शाळेत नेली आणि सगळ्या वर्गाला दाखवली.

हा साप पंधरा-वीस वर्षं जगतो. पोरगा कॉलेजला जाईल, त्याच्या होस्टेलवर साप चालणार नाही, आणि मक्या कायमचा कोणाकडे राहणार हे तुम्हाला कळलंच असेल. तुमच्या सुनेला अजून कळलेलं नाही.

गावात कोणी विचारलं तर एवढंच सांगा: आपल्याकडे हे करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आपल्या रानातला साप धरून घरात ठेवणं गुन्हा आहे. आणि आपल्या उसातली घोणस काही मक्या नव्हे. शिरूर कासारजवळ तागडगावला सर्पराज्ञी केंद्रात सोनवणे पतिपत्नी जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करून त्यांना परत रानात सोडतात. नातवाला त्यांची माहिती कुठून तरी मिळालीय, आणि पुढच्या सुट्टीत तिथे जायचंच म्हणून तो हटून बसलाय.

तुमची खोली वरच्या मजल्यावर, मक्या खाली पोराच्या खोलीत. मध्ये दोन दारं आणि एक कुलूप.

तुमचा,
बाळू

ता. क. अण्णा, नातवाचा निरोप जसाच्या तसा देतो: गोठ्यात साप निघाला तर काठी घेऊ नका, वन विभागाच्या १९२६ वर फोन लावा किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा. आणि कोणाला चावलाच तर मांत्रिकाकडे अजिबात नेऊ नका, १०८ ची गाडी बोलवून सरकारी दवाखान्यात न्या. माझं एक त्यात घाला: रात्री दारं धरायला जाताना चप्पल नको, गुडघ्यापर्यंतचे बूट घाला. बूट मी पाठवतोय.