अंगठ्याएवढा वाघ

प्राणिशास्त्रात ३५ वर्षं काढली म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "मग वाघ किती पाहिलेत?" मी बेडकांचा माणूस. 'बेडूक' ऐकून लोकांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो मी पहिल्यांदा पाहिला एका मुलीच्या आईच्या चेहऱ्यावर. स्थळ मीच होतो.

आमचं पंढरपूर आंबोली. सावंतवाडीहून घाट चढला की साधारण सातशे मीटरवर, वर्षाला सातएक हजार मिलिमीटर पावसाचं गाव. तिथला पाऊस वरून, खालून आणि बाजूने येतो. छत्री फक्त काठी म्हणून उपयोगी. वारकऱ्याच्या गळ्यात माळ, तशा आमच्या पोटऱ्यांना जळवा. जळू चावलेली कळत नाही, कर्जाचा हप्ता कापावा तसं तिचं काम शांत चालतं. रक्त गोठू नये याची व्यवस्थाही तीच करते. कुणीतरी सांगितलं, मोज्यात तपकीर भरा. भरली. रात्रभर मी शिंकत होतो. जंगलातले बेडूक गप्प झाले, जळवा मात्र आल्या.

एकदा रात्री अकराला घाटरस्त्याच्या कडेला, डोक्याला दिवा बांधून, मी एका बेडकाला पट्टी लावून बसलो होतो. मागून बॅटरीचा झोत आला.

"काय हरवलां?"

"काही नाही. बेडूक मोजतोय."

"किती आसत?"

"एकच. त्याची लांबी मोजतोय."

गृहस्थ बराच वेळ पावसात उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "ह्याचो पगार गावता तुमका?"

"मिळतो."

"सरकारी?"

"हो."

"मगे बरोबर," म्हणून ते समाधानाने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दगडाखाली देवगांडूळ मिळालं. ते साप नाही की गांडूळ नाही. बेडकाचा बिनपायांचा भाऊबंद. आंबोलीतल्या अशाच एका जातीला २००३ मध्ये थोर निसर्ग-अभ्यासक जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं गेलं. इतरांच्या नावाने चौक होतात, पुतळे होतात. आमच्याकडे चिखलातला जीव नावावर झाला की आयुष्य सार्थकी लागतं.

त्या रात्री लॉजवर मी ध्वनिमुद्रणं तपासत बसलो. नरांची साद ऐकता ऐकता डोळा लागला, यंत्र चालूच. पहाटे मालक केरसुणी घेऊन खाटेखाली. सकाळी हिशेब करताना म्हणाले, "खोली एकट्याला दिली होती."

आता वाघाचं. पाहिलाय. आंबोली टोड, शास्त्रीय नावातच 'टायगेरिना', कारण कुशीवर वाघासारखे पिवळे-गडद पट्टे. विज्ञानात त्याची नोंद झाली २००९ मध्ये. उंची अंगठ्याएवढी, दिमाख मात्र पट्टेरी. पहिल्या सरी पडल्या की जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत यांची लग्नं लागतात. पिवळा रंग अंगचाच असल्याने हळदीचा खर्च नाही. त्याच्यासाठी मी तीन दिवस सड्यावर पालथा पडलो होतो. दिसला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. खऱ्या वाघानेही याहून वेगळं काय केलं असतं?

आंबोलीच्या या डोंगरपट्ट्याबाहेर हा प्राणी कुठे असल्याचं माहीत नाही. तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. पावसाळी रात्री तो रस्त्यावर येऊन बसतो आणि चाकांखाली जातो. तेव्हा त्या घाटातून रात्री जाल तर गाडी हळू घ्या. पुढे वाघ बसलेला असू शकतो.