गाणं राहिलं बाजूला

"अगं, तुझ्या पोराच्या खोलीतून हे काय ओरडून राहिलं? कोणाला लागलं का?"

"नाही हो काकू, गाणं आहे ते. यंग ठगचं."

"कोणाचं?"

"यंग ठग. आपल्या अटलांटाचाच. खरं नाव जेफरी विल्यम्स."

"आईनं चांगलं नाव ठेवलं नि यानं ठग लावून घेतलं? मग पोलिसांनी धरलं तर नवल काय! हाच नं तो, ज्याच्यापायी दोन वर्षं कोर्ट भरलं होतं? सून सांगत होती."

काकू नागपूरच्या. लेकाकडे अल्फारेटाला आल्या की दुपारी कंबरेएवढ्या कुंपणापलीकडे उभ्या असतात. आज थंडी पडायच्या आत त्यांना माझं काळ्या देठाचं अळू हवं होतं. मी पानं कापून देत होते. काकू तिथेच पान पालथं करून, सुरी आडवी धरून देठाकडची जाड शीर तासत होत्या. हात थांबत नव्हते, तोंडही नाही.

"तुम्ही ऐकलंय त्याला," मी म्हटलं. "तुमची नात मंडळाच्या कार्यक्रमात 'हवाना'वर नाचली होती ना? त्यात मध्येच पुरुषाचा आवाज येतो, तो हाच. 2018च्या जानेवारीत ते गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं."

"ते? ते तर गोड होतं गं!"

"पुढच्या वर्षी 'धिस इज अमेरिका'ला वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचं ग्रॅमी मिळालं. त्याच्या गीतकारांतही याचं नाव आहे. अकरा भावंडांतला दहावा, सरकारी वस्तीत वाढला. मध्येच किंचाळतो, मध्येच कुजबुजतो, शब्द असा चघळतो की पोरं अर्थ शोधत बसतात. 2016ला अल्बमच्या कव्हरवर झालरीचा लांब झगा घालून उभा राहिला."

"त्यात काय एवढं? आमच्या बालगंधर्वांनी लुगडं नेसून अख्खा महाराष्ट्र वेडा केला. झग्याचं सोड. केलं काय होतं यानं?"

"सरकारचं म्हणणं, वायएसएल नावाची टोळी चालवायचा. 2012पासून, क्लीव्हलँड अव्हेन्यूच्या भागात. आणि हा म्हणे, वायएसएल ही माझी म्युझिक कंपनी. 2022च्या मे महिन्यात फुल्टन काउंटीच्या सरकारी वकील फानी विलिस यांनी 88 पानांचं आरोपपत्र काढलं. 28 आरोपी! खून, दरोडे, बंदुका, अमली पदार्थ, सगळं एकाच टोपलीत. कायदा रिको."

"म्हणजे आपला मोक्का."

"तीच जात. एकेका गुन्ह्यापेक्षा टोळी म्हणून सगळ्यांना गुंफायचं. खुनाचं कलम याच्या अंगावर थेट नव्हतंच. 2015च्या जानेवारीत एका न्हाव्याच्या दुकानाबाहेर एका माणसाला गोळ्या घातल्या. सरकार म्हणालं, त्यात वापरलेली गाडी यानं भाड्यानं घेतली होती. आणि याच कायद्याखाली याच काउंटीनं आधी शाळेच्या मास्तरांनाही कोर्टात उभं केलं होतं."

"मास्तरांना मोक्का?"

"अहो, मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून मार्क वाढवले म्हणून. 2013ला 35 जणांवर आरोप ठेवले. 12 जणांवर खटला चालला, 11 दोषी. पुढे फानीबाईंनी ट्रम्पनाही हाच कायदा लावला."

"त्या बाईचं नि तिच्या त्या वकिलाचं काय ते प्रकरण, ते पण सांग."

"ते उद्या. त्याला चहा लागेल."

"बरं. खटल्याला दोन वर्षं कशी लागली?"

"ज्युरी निवडायलाच दहा महिने गेले. 2023च्या जानेवारीत सुरू झालं नि संपलं नोव्हेंबरात. खटला महिनोन्‌महिने चालणार म्हटल्यावर पगार बुडवून कोण बसणार? एक बाई तर हजर राहायचं सोडून डॉमिनिकन रिपब्लिकला निघून गेली. जजनी तिला 30 पानी निबंध लिहायला लावला, ज्युरीत बसणं का महत्त्वाचं यावर."

"मग आता तुला कागद आला म्हणे कोर्टाचा? तू नको जाऊस हो कुठे सहलीला!"

"तुम्हाला कसं कळलं? टपालपेटी मीच उघडली होती!"

"तुझा नवरा माझ्या लेकाला बोलला. पुढे सांग."

"पुढे फानीबाईंच्या कार्यालयातल्या सरकारी वकिलीणबाई उठल्या नि भाषणाची सुरुवातच केली 'जंगल बुक'नं. लांडग्यांचा कळप, जंगलाचा कायदा वगैरे."

"बाप्पा! ते तर आमच्या पेंचचं! सिवनीच्या जंगलातला मोगली. नागपुराहून सकाळी निघालं की दुपारी परत. त्याला कुठे नेऊन बसवलं बघा."

"आणि याचे वकील ब्रायन स्टील म्हणाले, ठग म्हणजे 'ट्रूली हम्बल अंडर गॉड'. देवापुढे नम्र."

"वकील आहे की कीर्तनकार?"

"कीर्तनकार असो नसो, माणूस पक्का. पण खरी झोंबाझोंबी झाली गाण्यांवरून. गाण्यांतल्या ओळींचे 17 उतारे पुरावा म्हणून चालतील, असं जजनी ठरवलं. त्यांचं म्हणणं, खटला गाणं लिहिल्याबद्दल नाही, गाण्यातून दुसरं काही सिद्ध होतं का ते बघायचंय. कॅलिफोर्नियानं मात्र 2022मध्येच कायदा केला, की असली गाणी ज्युरीपुढे आणायला अशी तशी परवानगी द्यायची नाही."

काकूंनी सुरी पदराला पुसली.

"हे बघ पोरी. निळू फुलेंचं काय झालं होतं? पडद्यावर बायकांचे हात धरले म्हणून गावोगावच्या बाया त्यांना खऱ्या शिव्या घालायच्या. माणूस सेवादलातला, भला. त्यांच्यावर सिनेमातल्या डायलॉगवरून खटला भरला असता तर?"

"मलाही तेच वाटायचं. पण काकू, निळूभाऊंच्या घरी बंदूक नाही सापडली कधी. यानं शेवटी बंदुकीचे नि अमली पदार्थांचे गुन्हे स्वतः कबूल केलेत."

"मग त्याला बंदुकीसाठी धरा नं! बंदूक टेबलावर ठेवा. गाण्याचं पुस्तक कशाला वाचून राहिले?"

मला यावर उत्तर सुचेना. मी दोन पानं जास्त कापली.

"आणि बाकीचे 27?"

"बरेच जण आधीच कबुली देऊन मोकळे झाले. याचाच जोडीदार गना, तोही मोठा रॅपर. 2022च्या डिसेंबरात त्यानं वेगळीच कबुली दिली. म्हणजे, मी केलं असं म्हणत नाही, पण दोषी धरायला हरकत नाही. त्याच दिवशी सुटला."

"नरो वा कुंजरो वा!"

"अगदी! मग काय, अख्खी रॅपवाली जमात तुटून पडली, खबऱ्या म्हणून. तो म्हणतोय, मी कुणाविरुद्ध साक्ष दिली नाही. ऐकतो कोण? पण गंमत बघा, पुढच्याच उन्हाळ्यात त्याची गाणी दणकून चालली."

"लोक शिव्याही देतात नि तिकीटही काढतात."

"कोर्टातही काय काय झालं! सगळं यूट्यूबवर लाइव्ह, मी स्वयंपाक करताना लावायचे. एका आरोपीनं भर कोर्टात याच्या हातात नशेची गोळी सरकवली, असं सरकार म्हणालं. एकाला जेलमध्ये भोसकलं, तेव्हा सुनावणी जानेवारीपर्यंत बंद. आणि 2024च्या जूनमध्ये तर कहर. सरकारचा मोठा साक्षीदार बोलायलाच तयार नाही. तर जजनी त्याला नि सरकारी वकिलांना आपल्या खोलीत बोलावून बैठक घेतली. आरोपीच्या वकिलाला पत्ताच नाही!"

"आं? कुंपणच शेत खाऊन राहिलं म्हण की."

"स्टीलसाहेबांना कुठून तरी कळलं. त्यांनी कोर्टात विचारलं. जज म्हणाले, आधी सांगा कोणी सांगितलं. हे म्हणाले, नाही सांगत. झालं! वकिलालाच कोर्टाच्या अवमानाची शिक्षा, 10 शनिवार-रविवार तुरुंगात. तर हा बाबा म्हणतो, मग मला माझ्या अशिलाबरोबरच ठेवा, काम तरी होईल."

"वकील असावा तर असा. गेला मग आत?"

"नाही. वरच्या कोर्टानं स्थगिती दिली नि पुढे शिक्षाच रद्द केली. जुलैमध्ये त्या जजना खटल्यावरून काढलं. दुसऱ्या आल्या, त्यांनीही लगेच अंग काढून घेतलं. मग तिसऱ्या, पेज व्हिटेकर. त्यांनी सरकारी वकिलांना असं झापलं की आमच्या शाळेच्या बाई आठवल्या."

"आणि हा ठग तोवर?"

"आत. 900 दिवसांच्या वर. 2023च्या जूनमध्ये एक अल्बम आला तोही तो आत असतानाच. शेवटी 2024च्या 31 ऑक्टोबरला, इकडे पोरं हॅलोविनचे मुखवटे घालून फिरताहेत आणि तिकडे यानं काही गुन्हे कबूल केले, काहींना म्हणाला, मी लढत नाही. सरकारनं 45 वर्षं मागितली, त्यातली 25 तुरुंगात. जजबाईंनी 40 दिली नि संध्याकाळी माणूस बाहेर."

"40 वर्षं देऊन बाहेर? हे कोणतं गणित?"

"5 वर्षं तुरुंगाची, ती भोगली असं धरलं. 15 वर्षं नजरेखाली. त्यात वाकडं पाऊल पडलं तर उरलेली 20 आत. आणि 10 वर्षं अटलांटात पाय ठेवायचा नाही. घरचं लग्न, मयत नि पदवीदान तेवढं सोडून."

"म्हणजे तडीपार."

"तडीपार, पण वर्षातून चारदा अटलांटाच्या पोरांसमोर येऊन बंदुकीच्या नादी लागू नका असं भाषण करायचं, तेवढी परवानगी. शिवाय वर्षाला 100 तास समाजसेवा."

"ते भाषण मात्र चांगलं. आपल्या तोंडानं सांगितलेलं पोरं ऐकतात. आता काय करून राहिला?"

"2025च्या सप्टेंबरात नवा अल्बम आला. पण गाण्यांबद्दल कोण बोलतंय? तुरुंगातून केलेले त्याचे फोन बाहेर फुटले. मित्रांबद्दल काय काय बोलला होता ते सगळं जगानं ऐकलं. महिनाभर रुसवेफुगवे नि माफ्या. माझ्या पोराला विचारलं, गाणं कुठलं आवडलं? तर म्हणाला, अजून फोनच ऐकतोय."

"गाणं राहिलं बाजूला."

"तसंच. 'हवाना'तला तो आवाज याचा, हे तुम्हाला आज कळलं. खटला मात्र तुम्हाला नागपुरातून येऊनही माहीत."

काकू थोडा वेळ शिरा काढत राहिल्या. मग सुरी थांबली.

"आणि तो न्हाव्याच्या दुकानाबाहेरचा? गोळ्या लागलेला? त्याचं काय ठरलं?"

"शेवटपर्यंत दोघं जण लढले. 3 डिसेंबर 2024ला ज्युरीनं दोघांनाही खुनातून सोडलं. एकाला नुसतं बंदूक बाळगल्याबद्दल दोषी धरलं."

"थांब. 28 जण धरले. तीन जज झाले. जॉर्जियात याच्याएवढा खटला लांबला नव्हता म्हणतात. तुला निबंधाची पानं पाठ, वकिलाचे शनिवार-रविवार पाठ, मलाही तो झगा आठवतो. मेला त्या पोराचं नाव काय होतं?"

मला आठवेना. यूट्यूबवर कित्येकदा ऐकलेलं नाव.

"त्याची आई असेलच नं कोणी," काकू म्हणाल्या. "तिनं काय सांगायचं, पोराच्या खुनाचा खटला होता की गाणाऱ्याचा?"